पिंपातली बाई

चिमीचा फोन आला, "ताई, शनिवारी येतेय मी, लेकीला घेऊन," आणि ताईला इतका आनंद झाला की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी तिला पत्ता नाही. पण पुढच्याच वाक्याला तो आनंद विरला.

"आणि ऐक ना," चिमी म्हणाली, "ह्या वेळी मला माझी बाई बघायचीये. डॉक्टरीणबाईंना विचारून ठेव. लेकीला दाखवायचीये."

"अगं, त्यांना कशाला त्रास? जेवायच्या खोलीत टांगलंय ते चित्र. लोकांच्या जेवायच्या खोलीत असं कसं घुसायचं?"

"घुसायचं कशाला, विचारून जायचं. दर वेळी तुझं काहीतरी असतंच. कधी ते परगावी गेलेत, कधी भिंतीला रंग चाललाय. केवढी मोठी भिंत आहे गं त्यांची? अजून रंगतेच आहे?"

ताई हसली. म्हणजे हसल्यासारखा आवाज काढला. फोन ठेवला आणि ओट्यावरचं दूध पुसायला लागली. पुसून झालं तरी पुसतच राहिली.

तर ही ताई. सगळी गल्ली तिला मागवाली ताई म्हणते, कारण तिच्या पुढच्या खोलीत एक उभा माग आहे. जमिनीपासून पार छतापर्यंत. खोलीत माग आहे म्हणण्यापेक्षा मागाभोवती खोली आहे म्हणावं, अशी परिस्थिती. पाहुणा आला की आधी पोट आत घेतो, मग स्वतः आत येतो. ह्या मागावर ताई भिंतीवर टांगायची विणलेली चित्रं करते. लोकरीची, जाडजूड, शेकडो वर्षांपूर्वीच्या राजवाड्यांत असायची तशी. ती जुनी चित्रं बघून कुणीतरी मोठ्या कागदावर नक्षी काढून देतं आणि ताई ती दोऱ्यात उतरवते. सगळ्यात जास्त मागणी असते द्राक्षतोडणीला. वेली, टोपल्या, टोकदार टोप्या घातलेली माणसं, एक कुत्रं, आणि मधोमध लाकडी पिंपात उभी राहून पायांनी द्राक्षं तुडवणारी एक बाई. पायाखालची जमीन सगळी बारीक बारीक फुलांनी भरलेली. लोक हे जेवायच्या टेबलाच्या मागच्या भिंतीवर लावतात. का कोण जाणे, पण लावतात.

गंमत म्हणजे ताईने आणि चिमीने आयुष्यात कधी द्राक्षाचा मळा पाहिला नव्हता. रंग जुळवायला फळवाल्याकडून एक घड आणायचा आणि मागाच्या खिळ्याला टांगायचा. दुपारपर्यंत अर्धा घड गायब.

"चिमे, माझं जांभळं कुठं गेलं?"

"हिरव्याच्या शोधात गेलं असेल," चिमी म्हणायची, तोंड भरलेलं.

चिमी म्हणजे ताईची धाकटी बहीण. मागावर बसली की अखंड चिवचिव, म्हणून चिमणी, आणि चिमणीची चिमी. आईवडील लवकर गेले, ताईनेच तिला वाढवलं, आणि वाढवलं म्हणजे काय, तर विणलेले दोरे ठोकून बसवायची फणी हातात दिली आणि शेजारी बसवलं. दोघी एकाच बाकावर बसून एकच चित्र विणायच्या. डावीकडे ताई, उजवीकडे चिमी. आणि घरातला एक कायदा होता, दगडावरची रेघ. चेहरे आणि हात ताई करणार. फुलं, पानं, द्राक्षं, कुत्रं चिमी करणार.

"एक तरी चेहरा दे ना गं," चिमी म्हणायची.

"तुझा हात सैल आहे."

"सैल हाताचा चेहरा कदाचित जरा बरा दिसेल. तुझे सगळे बघ, सगळ्यांचं पोट दुखतंय."

"त्या काळच्या चित्रात कुणी दात काढून उभं राहायचं नाही. गप फुलं भर."

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. असं चित्र विणताना विणणारी बसते मागच्या बाजूला. तिच्या डोळ्यांसमोर असतात गाठी, लोंबणारे दोरे, नुसता गुंता. खरं चित्र पलीकडच्या बाजूला तयार होत असतं. आणि ताईचा माग भिंतीला इतका लागून, की पलीकडे जाऊन बघायला मांजरालासुद्धा जागा नाही. म्हणून त्या भिंतीवर एक आरसा टांगलेला असायचा. अजून न विणलेल्या उभ्या दोऱ्यांच्या फटीतून त्यात डोकावलं की समोरची बाजू थोडीफार दिसते. चिमी दर पाच मिनिटांनी त्यात डोकावायची. ताई कधीच नाही. "मला आरसा लागत नाही, मला मागूनच कळतं," हे ताईचं ठरलेलं वाक्य. आणि खरंच कळायचं. त्याचाच तर घोळ झाला.

चिमीचं लग्न ठरलं तेव्हा मागावर दातांच्या डॉक्टरीणबाईंची द्राक्षतोडणी होती. मोठं काम. पडदे आणि गालिचे विकणारा एक दुकानदार ही कामं आणून द्यायचा. लग्न ठरल्याचं चिमीने असं अचानक सांगितलं, फणी चालवता चालवता, "ताई, मी हो म्हटलंय," आणि ताई म्हणाली, "बरं." बस. बरं. तिकडे चिमीच्या नवऱ्याचं गाव लांब, तिथे कपड्यांचा कारखाना, चिमीला तिथेच काम मिळणार होतं. म्हणजे माग सुटला. ताई नंतर चार दिवस चिमीशी फक्त दोऱ्यांबद्दल बोलली. निळा दे. तो नको, फिका.

त्यानंतर ताईला ताप भरला. असा की उठता येईना. चित्र द्यायची तारीख तोंडावर आली, आणि पिंपातल्या बाईचा चेहरा आणि आजूबाजूची पानंफुलं तेवढी राहिलेली. आतल्या खोलीतून ताई ओरडली, "फुलं भर! चेहऱ्याला हात लावायचा नाही!"

चिमीने लावला.

ताई बरी होऊन बाकावर येऊन बसली तर चेहरा तयार. मागून तिला काय दिसलं? लोंबते दोरे, आणि ओठांची ओळ, जी सरळ जायला हवी, ती वर चढलेली. मधे पांढरं. पांढरं! तोंडात!

"हे काय केलंस?"

"आरशातून बघ ना," चिमी म्हणाली. "एकदाच बघ. समोरून बघ."

"मला आरसा लागत नाही."

"ताई, प्लीज."

"मला कळतंय मागून. तोंड वाकडं झालंय."

चिमीने फणी खाली ठेवली. मग लग्नाची गडबड सुरू झाली, कपडे, पाहुणे, सामान, आणि चेहरा तसाच राहिला. चिमीला वाटलं ताईने चालवून घेतला. जाताना तिने मागाच्या दांड्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "माझ्या बाईला सांभाळ."

चिमी गेली. ताईने दोन दिवस मागाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी कात्री घेतली आणि तो चेहरा उसवला. वीतभर तुकडा. किती वेळ लागणार? चहा गार व्हायच्या आत संपलं. मग तिने तिथे आपल्या पद्धतीचा चेहरा भरला. सरळ ओठ, खाली नजर, नीटनेटका. तेव्हा ती स्वतःशी म्हणाली, जुन्या पद्धतीला धरून नव्हतं, गिऱ्हाईक काय म्हणेल. पण ते काही खरं नव्हतं. खरं हे की घरात दुसरा बाक नव्हता, त्याच बाकावर उजवीकडे जागा रिकामी होती, आणि तिला कुणावर तरी राग काढायचा होता. माणूस हाताशी नव्हतं. चेहरा होता.

दुकानदार चित्र न्यायला आला तेव्हा लांबून बघून म्हणाला, "वा! पण मजा बघा ताई, दातांच्या डॉक्टरांकडे चाललंय आणि एकाचाही दात दिसत नाही!"

ताईच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पण ते वाक्य तिला लागलं, आणि लागूनच राहिलं.

मग चिमीचा पहिला फोन. "पोचलं का चित्र? माझी बाई कशी दिसतेय?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. भांडण झालं असतं, चिमी रडली असती, चार दिवस फोन केला नसता, आणि संपलं असतं. ताई म्हणाली, "छान दिसतेय."

झालं. एकदा छान म्हटलं की पुढच्या वेळी काय म्हणणार? चिमी तिकडे कारखान्यात शर्टांना बटणांची काजी करायची. दिवसभर काजी, काजी, काजी. आणि चिवचिव करत सगळ्यांना सांगायची, "माझ्या हातचं एक चित्र एका मोठ्या घरात लागलंय, त्यातला मधला चेहरा माझा आहे." मुलगी झाली, तिलाही तेच सांगून जेवू घातलं. हे सगळं चिमी फोनवर हसत हसत सांगायची आणि ताई इकडे रिसिव्हर धरून उभी. वर्षं गेली. मुलगी कॉलेजात जायला लागली. खोटं मात्र होतं तिथंच बसून राहिलं.

शनिवार आला. ताईने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "डॉक्टरीणबाईंची सासू आजारी आहे म्हणे."

"मी आत्ताच फोन केला त्यांना," भाची म्हणाली. "नंबर पाटीवर होता त्यांच्या दवाखान्याच्या. सासूबाईंनीच उचलला. म्हणाल्या, या की, आत्ताच या. एकदम ठणठणीत आवाज, मावशी."

आता काय करता? गेल्या तिघी. चिमीने पिशवी बरोबरच घेतली, तिकडूनच त्यांची परतीची बस होती.

सासूबाई खरंच ठणठणीत होत्या. हात धरून आत घेऊन गेल्या. जेवायची खोली, लांब टेबल, सहा खुर्च्या, आणि मागच्या भिंतीवर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत द्राक्षतोडणी. ताई दारातच थांबली. ती चित्राकडे बघत नव्हती, चिमीच्या पाठीकडे बघत होती. चिमी आधी डावीकडून बघत आली. टोपल्यावाली माणसं. कुत्रं. "ए, हे कुत्रं माझं!" लेकीला म्हणाली. "ही फुलं बघ. ही सगळी माझी, ह्या बोटांनी." आणि मग ती मधोमध आली आणि पिंपातल्या बाईसमोर उभी राहिली.

पाठ तशीच राहिली. फक्त लेकीच्या खांद्यावरचा तिचा हात खाली आला.

"हिला आमच्या घरात काय म्हणतात माहितीये?" चिमीला हे सांगायची सासूबाईंना घाई झाली होती. "हेडबाई! नातवंडं लहान होती ना, ताटात टाकायची सगळं. मग मी म्हणायचे, ती बघ, हेडबाई बघतेय, संपव. की मुकाट्याने संपवायची! काय तो चेहरा, काय ती जरब! तुम्हीच केलात ना हा चेहरा? डॉक्टरांच्या घरी औषध करून पाठवलंत अगदी!"

भाची गोंधळली. "पण आई, तू तर म्हणाली होतीस की ती हस—"

"हेडबाई!" चिमी एकदम जोरात म्हणाली आणि हसायला लागली. "अहो, अगदी बरोबर नाव ठेवलंत! मला पण लहानपणी असल्याच एका हेडबाईने जेवू घातलंय." आणि तिने मागे वळून ताईकडे पाहिलं. हसत होती. डोळे सोडून सगळी हसत होती.

ताईला वाटलं जमीन फाटावी. चहा आला, बिस्किटं आली, सासूबाई बोलत राहिल्या, चिमी हो ना, अय्या, खरंच का करत राहिली. ताईने कपातला चहा तसाच ठेवला.

बाहेर पडल्यावर भाची पुढे निघाली, मोबाईलमधे डोकं घालून. तिलाही काहीतरी कळलं असणार. दोघी मागे. बसथांब्यापर्यंतचा रस्ता लांब होता. एका बाजूला दवाखाने, चष्म्याची दुकानं, एक लाँड्री. ताईच्या मनात वाक्य तयार होतं. मीच उसवला. दोन शब्द. आणि तोंडातून काय आलं?

"तो दुकानदार," ताई म्हणाली. "त्याने बदलायला लावला ऐनवेळी. म्हणाला, गिऱ्हाइकाला चालणार नाही."

चिमी चालत राहिली. "हो का," म्हणाली. "असेल."

लाँड्री मागे पडली. एक शाळा आली.

"ताई, त्या दुकानदाराला द्राक्षं वांग्यासारखी दिसायची गं," चिमी शांतपणे म्हणाली. "आठवतं? 'एवढी वांगी कशाला घातलीत?' तो चेहरा बदलायला सांगणार?"

ताई थांबली. रस्त्याच्या मधोमध. सायकलवाल्याने घंटी मारली, मग तिला वळसा घालून गेला.

"मीच उसवला," ती म्हणाली.

"माहितीये. तिथंच कळलं. तुझा हात मला कळत नाही का? तेवढं मलाही कळतं, मागून नाही तर पुढून."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"तुझ्या गिऱ्हाइकासमोर? मी काय वेडी आहे?" चिमीने तिचं कोपर धरून तिला कडेला आणलं. मग तिचा आवाज बदलला. "पण फोनवर छान दिसतेय कशाला म्हणत राहिलीस गं? एवढी वर्षं? उसवलास तर उसवलास. मला सांगायचंस. मी तिकडे जगाला सांगत बसले. माझी सुपरवायझर रिटायर झाली तेव्हा निरोपाच्या भाषणात म्हणाली, ही आपल्यातली कलाकार. लेकीला सांगितलं. येडी मी."

"चिमे—"

"थांब, बोलू दे. तू तो पाहिलास तरी का एकदा? समोरून?"

"नाही."

"उसवण्याआधी पण नाही?"

"नाही."

चिमीने मान हलवली. रडत नव्हती. ती रडली असती तर ताईला बरं वाटलं असतं.

"कुणाचा होता माहितीये?"

"कुणाचा?"

"तुझा."

ताईला आधी ते नीट ऐकूच आलं नाही. म्हणजे ऐकू आलं, आत गेलं नाही. "मी कधी अशी हसले?"

"तो दुकानदार काम बघायला आला होता. मागे सरकत सरकत, लांबून बघायचं म्हणून. आणि आपण लोकर रंगवायला निळ्या पाण्याचं घमेलं ठेवलेलं. त्यात बसला! आठवत नाही? निळं बूड घेऊन गेला गल्लीतून. तू तो जाईपर्यंत दगडासारखी. 'सांभाळून जा हं.' आणि दार लागल्यावर जी सुटलीस, ताई, मागाचे दोरे मुठीत धरून, वाकून, सगळे दात दिसत होते. मी तुझ्या शेजारी बसले होते, पण मला तू आरशात दिसत होतीस. दोऱ्यांच्या मधून. मी म्हटलं, ही बाई कोण आहे? माझी ताई आहे ही? आणि म्हटलं, ही मी विणणार. लग्नाच्या आधी हिला देऊन जाणार. मागावरून कापून उतरवशील तेव्हा बघशील आणि तुला कळेल. बोलून दाखवायचं नव्हतं. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, हात सैल आहे."

ताई म्हणालीच असती. तिला माहीत होतं. तिला दुकानदार आठवला, निळं घमेलं आठवलं, पुसलेली फरशी आठवली. स्वतःचं हसणं काही केल्या आठवेना. कसं आठवणार? आपलं हसणं आपल्याला कुठे दिसतं? ते बघणारं एकच माणूस होतं घरात.

"परत कर," ती म्हणाली. घाईघाईने, लहान मूल हट्ट करतं तसं. "माग आहे. लोकर आहे. मी मागते त्यांच्याकडून चित्र, सांगते दुरुस्त करायचंय. तू राहा आठ दिवस. मी उसवते माझा. तू भर."

"आणि त्यांची हेडबाई?"

"जाऊ दे हेडबाई!"

चिमीने आपले हात पुढे केले. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, दोन्ही टोकं कडक, चपटी झालेली, वर्षानुवर्षं काजी करून. "ह्या बोटांना आता बारीक लोकर कळत नाही, ताई. सुई कळते फक्त. आणि खरं सांगू? हात असता तरी जमलं नसतं. तो चेहरा मी रोज आठवायचे आधी. मग म्हटलं, भिंतीवर आहेच की, आपण कशाला डोक्यात ठेवायचा. आणि हळूहळू सोडून दिला."

थांब्यावर बस लागलेली होती. भाची पायरीवर एक पाय ठेवून ओरडत होती, "आई! चल ना! निघतेय!"

"म्हणजे अजिबात आठवत नाही?" ताईने तिची ओढणी धरली होती, तिला कळतही नव्हतं. "थोडा तरी? ओठ कसे होते? कुठून वर गेले होते?"

चिमी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. अगदी जवळून, मागावर एखादा दोरा शोधताना बघायची तशी. हात वर केला, ताईच्या गालाजवळ नेला. "इथे काहीतरी व्हायचं," म्हणाली. "इथे... नाही गं. नाही सांगता येत."

ओढणी सोडवून घेतली, हळूच. बसमधे चढली. खिडकीची जागा मिळाली नाही, म्हणून ती मधल्या गर्दीत उभी होती, आणि बस वळेपर्यंत ताईला तिचा फक्त दांडा धरलेला हात दिसत राहिला.

ताई चालतच घरी आली. गल्लीच्या तोंडाशी शेजारीण कपडे वाळत घालत होती.

"गेली का धाकटी?"

"गेली."

"लेकीला घेऊन आली होती ह्या वेळी. झाल्या का गप्पा मनासारख्या?"

"हो," ताई म्हणाली. "छान झाल्या."